अंशतः खरे आहे

"ताई, तुम्ही आज आजारी आहात," बोंद्रे म्हणाले.

मी नुकतीच विधानभवनाच्या पायऱ्या चढून आले होते. पोटात गरम उप्पीट होतं, पायांत नव्या चपला होत्या आणि तब्येत ठणठणीत होती.

"मी? कधीपासून?"

"आत्तापासून. रक्तदाब म्हणा. डॉक्टरांचं मी बघतो. तुम्ही आमदार निवासात जाऊन पडून राहा."

"बोंद्रेसाहेब, आमच्या घराण्यात कुणाला रक्तदाब नाही. आम्ही तो दुसऱ्यांना देतो."

बोंद्रे हसले नाहीत. ते आमच्या पक्षाचे प्रतोद होते. पक्षातल्या कुणी कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, हे ठरवणारा माणूस सहसा हसत नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. प्रश्नोत्तराच्या तासात अध्यक्षांनी नाव पुकारलं आणि सदस्य जागेवर नसला, तर त्याचा प्रश्न तिथल्या तिथे बाद होतो. कुणाचं नाक कापलं जात नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. त्या दिवशी कामकाजात माझा प्रश्न अगदी वर होता.

"मग निदान दादांना भेटून या," ते म्हणाले. "दालनात बसलेत. सकाळपासून चहाला हात लावलेला नाही त्यांनी."

दादा म्हणजे बाळासाहेब खराडे. मी आमदार झाले ती त्यांच्यामुळे. दूध संघाच्या सभांमधून मी तोफा डागत फिरायची, तेव्हा एक दिवस ते आमच्या दारात आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "डुबलसाहेब, तुमच्या बायकोचा आवाज मिरजेला पुरून उरतोय. मुंबईला न्यावा म्हणतो." रत्नप्रभा डुबल हे नाव त्यांनीच यादीत घातलं आणि त्यांनीच निवडून आणलं. आता ते मंत्री होते. घोड्यांच्या शर्यतींचा परवाना ज्या खात्याकडून मिळतो, ते खातं त्यांच्याकडे होतं. आणि सोनवडी टर्फ क्लबबद्दलचा माझा प्रश्न त्यांच्याच अंगावर चालून जाणार होता. आमच्या जिल्ह्यात लोक म्हणत होते की रत्नाक्का ज्या फांदीवर बसलीय तीच तोडायला निघालीय. म्हणू देत. मला झाडावर चढता येतं, उतरताही येतं.

या सगळ्याची सुरुवात इलियास मुजावरपासून झाली होती.

इलियास आमच्या मिरजेचा. अंगानं काडीसारखा, पण मनगटं लोखंडी. सोनवडीला तो जॉकी होता, चांगला नावाजलेला. एका मोठ्या शर्यतीनंतर क्लबानं त्याचं लायसन कायमचं काढून घेतलं आणि तो बायकोला घेऊन माझ्या कचेरीत आला. गुन्हा काय, तर त्यानं घोडी खेचली.

शर्यतीच्या जगात या शब्दाइतकी घाण शिवी नाही. जिंकू शकणारं जनावर जॉकीनं लगाम आवरून मुद्दाम हरवलं, की लोक म्हणतात 'खेचलं'. ग्रे डचेस नावाची करडी घोडी त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या वळणावर इलियास रिकिबीत उभा राहिला, लगाम आवळला आणि घोडी कडेला घेतली. सगळं मैदान त्याच्या नावानं ओरडत होतं.

"खरं सांग," मी त्याला विचारलं. "खेचलीस का?"

"खेचली, ताई."

मी पेन खाली ठेवलं. "मग माझ्याकडं कशाला आलास? शिक्षा बरोबरच झाली की."

त्याच्या बायकोनं, मुमताजनं, कपाळावर हात मारून घेतला. "बघा! अस्संच तिथंबी बोलले! पंचांनी विचारलं, खेचली का? हे म्हटले, हां, खेचली. झालं. पंच उठून गेले. अवो, का खेचली ते तरी सांगायचं!"

"त्यांनी कुठं विचारलं, का ते?" इलियास म्हणाला. "खेचली का विचारलं. खेचली होती. मी कसं न्हाई म्हणू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंचांनी तो शब्द शिवी म्हणून वापरला होता आणि या भल्या माणसानं तो शब्दशः, लगाम ओढण्यापुरता घेतला होता. आयुष्य शर्यतीत काढलेला माणूस, त्याला तो अर्थ ठाऊक नव्हता असं नाही. पण आपल्या हातांनी जे केलं ते नाकारणं त्याला जमत नव्हतं.

"मग आता मी विचारते. का खेचलीस?"

"सकाळी ती लंगडत होती, ताई. पुढचा उजवा. दुपारी शर्यतीला आणली तर एकदम सरळ. मला वाटलं, बरी झाली. पण वळणावर आलो आणि कळलं. टाप ऐकू येत होती, पण माझ्या मांडीला लागत न्हवती. पाय सुन्न केला होता तिचा. सुई देऊन. जनावराला दुखलंच न्हाई तर ते थांबणार कसं? हाड मोडेपर्यंत पळत राहणार. मागं सगळी घोडी येत होती. ही कोसळली असती तर मी मेलो असतोच, मागचेपण चार-दोन गेले असते. म्हणून खेचली. परत तशी येळ आली तर परत खेचीन."

"तबेल्यातलं कुणी हे सांगेल?"

"सगळ्यांना पोटं हायेत, ताई."

घोडीचे मालक होते अमरसिंह निंबकर. क्लबाचे अध्यक्षही तेच, आणि पंच नेमणारेही तेच. त्या शर्यतीचा कप द्यायला पाहुणे म्हणून कोण गेले होते, ते साऱ्या जिल्ह्यानं वर्तमानपत्रात पाहिलं होतं. हार घातलेले आमचे दादा.

माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एका जॉकीच्या मांडीचा. तो घेऊन मी कोर्टात गेले असते तर कारकुनानंही हाकलून दिलं असतं. पण मी आमदार होते, आणि आमदाराच्या हातात एक हत्यार असतं. ते म्हणजे तारांकित प्रश्न. 'हे खरे आहे काय?' असं त्यात विचारायचं असतं आणि खात्यानं तीनच तऱ्हेनं उत्तर द्यायचं असतं: हे खरे आहे, हे खरे नाही, किंवा अंशतः खरे आहे.

काय कारवाई केली आणि विलंबाची कारणे काय, हे शेवटचे दोन नेहमीचे भाग सोडले, तर मी प्रश्न लिहिला तो असा: सोनवडी येथील शर्यतीत ग्रे डचेस ही घोडी पाय बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन उतरवण्यात आली व जॉकीने ती शर्यतीतच खेचली, हे खरे आहे काय?

दोन्ही गोष्टी मी एकाच दावणीला बांधल्या होत्या. खात्यानं 'खरे आहे' म्हटलं, तर इंजेक्शन कबूल. 'खरे नाही' म्हटलं, तर इलियासनं घोडी खेचलीच नाही असं होणार, मग त्याचं लायसन कशासाठी काढलं? उरलं काय, तर 'अंशतः'. आणि एकदा मंत्री अंशतः म्हणाले की मी उभी राहून एकच विचारणार होते. लेखी उत्तर खात्याचं असतं. तोंडी उत्तर मात्र मंत्र्याचं स्वतःचं असतं, आणि सभागृहात खोटं बोलणं मंत्र्याला फार महागात पडतं.

धोका होता, पण तो माझ्यापेक्षा इलियासला जास्त होता. मंत्र्यांनी सभागृहात छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, की इंजेक्शन खोटं आणि खेचणं तेवढं खरं, तर त्याच्या नावावर कायमची माती पडली असती. त्यानंतर कोणतंही दार उघडलं नसतं. हे मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"विचारा," तो म्हणाला होता. "पंचांनी विचारलं न्हाई. कुणी तरी विचारू दे."

दालनात दादा एकटेच होते. चहावर साय धरली होती.

"ये," ते म्हणाले. "प्रश्न कुणी लिहून दिला गं तुला?"

"मीच लिहिला."

"सचिव डोकं धरून बसलेत. म्हणतात, बाईनं चारी वाटा बांधल्या." त्यांच्या आवाजात राग होता, पण त्यात थोडं कौतुकही होतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं, हे कशाला लपवू? "हे बघ, पोरी. मी उठून म्हणणार, अंशतः खरे आहे. तू खाली बसून राहायचं. एवढंच कर."

"दादा, मी उपप्रश्न विचारणार."

"निंबकरच्या कारखान्यावर आपल्या तालुक्यातली किती घरं जेवतात, माहीत हाय तुला?"

"माहीत आहे."

"तुझं पुढचं तिकीट कोण ठरवणार, तेबी माहीत असंल."

"तेही माहीत आहे. तुम्हीच."

"आणि त्या जॉकीला मी दुसरीकडं चिकटवतो. पोलिसांच्या घोडदळात. पगार चालू होईल महिन्याला."

"त्याला पगार नकोय. त्यानं घोडी का खेचली ते कुणीतरी ऐकून घ्यायला हवंय."

दादा खिडकीकडे बघत राहिले. त्यांना मी इतकी वर्षं ओळखत होते, पण तो चेहरा मला वाचता येईना. मला वाटलं, मित्राला वाचवायची धडपड चाललीय. निंबकरांबद्दल मला जेवढी चीड आली नव्हती तेवढी त्या क्षणी दादांची आली.

"तू माझ्या हाताखाली वाढलीस," ते म्हणाले.

"म्हणूनच विचारतेय," मी म्हटलं आणि उठले. घंटा वाजत होती.

सभागृह भरलेलं होतं. शर्यतीचा विषय म्हटल्यावर एरवी डुलक्या घेणारेही जागे होते. वर प्रेक्षक कक्षात इलियास बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, हात गुडघ्यांवर. शेजारी मुमताज.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी जागेवर आहे हे पाहून बोंद्रेंनी मान खाली घातली.

दादा उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, एक, अंशतः खरे आहे. दोन, क्लबाच्या पंचांनी चौकशी करून जॉकीवर कारवाई केली आहे. तीन, प्रश्न उद्भवत नाही."

विरोधी बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ताई, घोडी राहू दे, तुम्ही तर मंत्र्यांचाच पाय खेचताय!" सगळे हसले. मीही हसले. हसू विरेपर्यंत थांबले आणि मग उभी राहिले.

"अध्यक्ष महाराज, माझा उपप्रश्न दोनच शब्दांचा आहे. कोणता अंश?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो लगेच थांबला. कारण दादांनी हातातली फाईल मिटली होती.

अधिकाऱ्यांच्या कक्षातून शिपाई लगबगीनं चिठ्ठी घेऊन आला. मंत्री अडकले की अशी चिठ्ठी येतेच, आणि मंत्री ती वाचून दाखवतात. दादांनी ती उघडली, वाचली, आणि घडी घालून खिशात टाकली. घराण्यात नसलेला रक्तदाब तेव्हा बहुतेक मला चढला होता. वर इलियासकडे बघायचं धाडस होईना.

"मंत्रिमहोदय," अध्यक्ष म्हणाले, "सदस्यांना कोणता अंश खरा आहे ते सांगावे."

"सांगतो, अध्यक्ष महाराज. या चिठ्ठीत लिहिलंय की घोडी खेचली एवढाच अंश खरा. ही चिठ्ठी खात्याची. खात्याला क्लबानं सांगितलं, क्लबाला पंचांनी सांगितलं." दादांनी चष्मा काढला. "मी मात्र त्या दिवशी तिथं होतो."

मागच्या बाकांवरचे पुढे सरकून बसले.

"माझा बाप मिरजेच्या स्टेशनावर टांगा हाकायचा. लंगडं जनावर मला पाठमोरंबी कळतं. शर्यतीआधी घोडी गोलात फिरवतात, तिथं मी मालकांच्या शेजारी उभा होतो. ती करडी घोडी उजवा पाय टेकला की मान वर उचलत होती. मी मालकांना म्हटलं, ही दुखतीय. ते म्हणाले, बघतो. घोडी आत नेली. परत आणली तेव्हा मान हलत नव्हती. मालक हसून म्हणाले, दादा, सुई दिलीय, आता बघा कशी पळते."

"हे तुम्ही आधी का सांगितलं नाही?" समोरून कुणीतरी गरजलं.

"कप द्यायला गेलो होतो. गळ्यात हार होता. गप बसलो." दादा अध्यक्षांकडे वळले. "अध्यक्ष महाराज, इंजेक्शन दिलं, हा अंश खरा आहे. जॉकीनं घोडी खेचली, हाही अंश खरा आहे. खेचली नसती तर मी त्या दिवशी कप द्यायच्या ऐवजी मयताला हार घालून आलो असतो. सदस्यांनी विचारलेलं सगळंच्या सगळं खरं आहे. माझ्या उत्तरात खोटा शब्द एकच, अंशतः. तो कामकाजातून काढून टाकावा."

अध्यक्ष गोंधळले. "तो शब्द असंसदीय नाही," ते म्हणाले.

"माझ्या तोंडी तो असंसदीयच होता," दादा म्हणाले, आणि खाली बसले.

मग जो गोंधळ माजला तो सांगण्यात अर्थ नाही. प्रेक्षक कक्षात उभं राहायला मनाई असते. तरी इलियास उभा राहिला होता, आणि त्याला खाली बसवायला आलेला सुरक्षारक्षक त्याच्या शेजारी नुसताच उभा होता.

मला सांगायला आवडेल की मी तेव्हा विजयानं ताठ उभी होते. होतेच. हा सापळा माझा होता, आणि असा प्रश्न त्या सभागृहात पुन्हा कुणी लिहिल्याचं मी ऐकलेलं नाही. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते इलियाससाठी नव्हतं. सकाळी दालनात न वाचता आलेला तो चेहरा मला आता कळला होता. निंबकरांना वाचवावं की नाही, याचा विचार दादा करत नव्हतेच. आपण तिथं उभे होतो हे सांगायचं बळ येतंय का, एवढंच ते बघत होते.

पुढे चौकशी झाली. निंबकर क्लबातून गेले, पंच गेले, इलियासला लायसन मिळालं आणि त्यानं पुढे बऱ्याच शर्यती जिंकल्या. दादांचं मंत्रिपद गेलं, ते पुन्हा कधी मिळालं नाही. माझं तिकीट कापलं, मी अपक्ष उभी राहिले आणि निवडून आले, तेही मागच्यापेक्षा जास्त मतांनी. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी सभागृह तहकूब झालं आणि मी बाहेर आले, तर बोंद्रे दादांच्या मागे मागे धावत होते. "दादा, मुख्यमंत्री बोलावतायत. आत्ताच्या आत्ता."

"राजीनामा पायजे असंल. संध्याकाळी आणून देतो म्हणावं."

जिन्यावरून इलियास आणि मुमताज उतरत होते. दादांना पाहून इलियास भिंतीला चिकटून उभा राहिला. दादा त्याच्यापाशी गेले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी विचारलं, "घोडीचं काय झालं रं?"

"हाय, साहेब." इलियास भिंतीपासून पुढे आला. "मारून टाकायची म्हणत होते. मी मागून घेतली. कुर्ल्याला माझा मेहुणा वरातीची घोडी पाळतो, त्याच्याकडं ठेवलीय."

"जिवंत हाय?"

"जिवंत हाय. लंगडते. पण वरातीत नाचायला लागलीय थोडी."

दादांनी भिंतीला हात टेकला. मग म्हणाले, "लाल दिव्याची गाडी संध्याकाळपर्यंत माझीच हाय. चल, दाखव मला. रत्ना, तूबी चल."

इलियास सवयीनं ड्रायव्हरशेजारी बसायला गेला. दादांनी त्याला धरून मागे, आपल्या शेजारी बसवलं. मुमताज आणि मी माझ्या जीपमधून मागोमाग गेलो. कुर्ल्याच्या त्या गल्लीत लाल दिवा शिरला तसे घोडेवाले पळापळ करायला लागले. त्यांना वाटलं, तबेला हलवायला सरकारी माणसं आली. जरीच्या झुली वाळत घातल्या होत्या, त्यांच्यामागे करडी घोडी उभी होती, कपाळावर कुठल्यातरी लग्नाचा गोंडा अजून लटकत होता. दादांनी कोट काढून माझ्या हातात दिला आणि सरळ तिच्या पुढच्या उजव्या पायाकडे वाकले.

"साहेब, पायाला हात नका लावू," इलियास घाईनं म्हणाला. "लाथ मारती ती."

"मारू दे," दादा म्हणाले, आणि तिच्या पायाशी खाली बसले.